विचारा तर खरं : युद्ध चालू असताना सरकारचं किती मानायचं?

गेल्या अंकात रशिया-युक्रेन युद्धावरचा लेख आला आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. बहुतेकांना एकच सल आहे. युद्धाबद्दल सरकारं सांगतात त्यातलं खरं किती? वृत्तपत्राच्या रात्रपाळीत परदेशच्या बातम्या लावण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडे पाठवली. त्यातली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. रोज रात्री बातम्या बघतो. रशिया म्हणतं युक्रेनचे इतके मारले, युक्रेन म्हणतं रशियाचे तितके मारले. दोघांचं खरं धरलं तर लढायला कुणी उरलंच नसतं. मुलगा म्हणतो, सगळीच सरकारं खोटं बोलतात, बघूच नका. मला ते पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही.
— एक माजी सैनिक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : सुभेदारसाहेब, मुलाचा राग मला कळतो. पण ‘सगळेच खोटारडे’ म्हणून पाठ फिरवणं हे खोटं बोलणाऱ्याच्याच पथ्यावर पडतं. लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवावा असं त्याला वाटत असतं. ते जमलं नाही, तर लोकांनी कुणावरच ठेवू नये, एवढ्यावरही त्याचं भागतं.

मी काय करते ते सांगते. शत्रूचे किती मारले हा आकडा मी वाचते आणि सोडून देते. आपले किती गेले, आणि गेले ते कोण, हे सरकार सांगतं का, तेवढं बघते. नावं सांगणाऱ्या सरकारचं बाकीचं म्हणणं मी ऐकून घेते. नावं लपवणाऱ्या सरकारचा एकही आकडा मी धरून चालत नाही.

शत्रूचा आकडा का सोडायचा, ते तुम्हाला फौजी म्हणून चटकन कळेल. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लाई या खेड्यात अमेरिकन पायदळाची एक तुकडी शिरली. सैन्याने पत्रकारांना सांगितलं, १२८ शत्रू ठार. वृत्तपत्रांनी तसंच छापलं. हाती लागलेल्या शस्त्रांचा आकडाही त्यातच होता : तीन. मेलेले एकशे अठ्ठावीस आणि हत्यारं तीन! तुम्ही तो कागद बघताक्षणी विचारलं असतं, की बाकीचे काय मोकळ्या हातांनी लढत होते? गावात मेले ते बायका, म्हातारीकोतारी आणि तान्ही पोरं. व्हिएतनामच्या नोंदीप्रमाणे ५०४ माणसं. सीमोर हर्श या पत्रकाराने नोव्हेंबर १९६९ मध्ये ते बाहेर काढलं, तोवर दीड वर्षाहून जास्त काळ १२८ हाच सरकारी आकडा होता. त्या युद्धात किती मुडदे पाडले यावर अधिकाऱ्याची कामगिरी मोजली जात होती, त्यामुळे आकडे वर सरकताना फुगतच जात. दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावला, रोज संध्याकाळी ते पत्रकारांना वाचून दाखवले जायचे आणि समोर बसलेल्या पत्रकारांचा त्यावर काडीचा विश्वास नसायचा.

आता रशियाकडे या. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं. आपले किती सैनिक मेले, हे रशियन सरकारने त्या वर्षी असं सांगितलं : २ मार्चला ४९८, २५ मार्चला १३५१, आणि २१ सप्टेंबरला संरक्षणमंत्री शोईगू यांच्या तोंडून ५९३७. त्याच २१ सप्टेंबरला तीन लाख राखीव माणसं बोलावण्याचा हुकूम निघाला. सहा हजारसुद्धा गेले नाहीत, तर तीन लाख कशाला लागतात? हा हिशेब मांडायला तिथल्या आयांना लष्करी शिक्षणाची गरज नव्हती. त्यानंतर सरकारने एकूण आकडा देणंच सोडून दिलं.

ही खोड जुनी आहे. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौज डिसेंबर १९७९ मध्ये गेली आणि मेलेल्यांचा पहिला अधिकृत आकडा, १३,३१०, देशाला कळला तो मे १९८८ मध्ये. मधली सगळी वर्षं बंद जस्ती शवपेट्या गावोगाव येत होत्या. २०१४ च्या ऑगस्टमध्ये रशियातल्या प्स्कोव शहराजवळ छत्रीधारी सैनिकांची ताजी थडगी पत्रकारांना दिसली. युक्रेनमध्ये आमची फौजच नाही असं सरकार तेव्हा म्हणत होतं. पुढे त्या थडग्यांवरच्या नावाच्या पाट्या निघाल्या. प्रश्न विचारणारे तिथले लोकप्रतिनिधी लेव श्लोसबर्ग यांना रस्त्यात मारहाण झाली. आणि मे २०१५ मध्ये पुतिन यांनी हुकूम काढून शांततेच्या काळातल्या ‘विशेष मोहिमां’मधली जीवितहानी हे सरकारी गुपित ठरवलं. २०२२ चं युद्ध तसल्याच नावाने सुरू झालं.

या साऱ्यात मला मोस्क्वा या युद्धनौकेची गोष्ट सगळ्यात जास्त बोलकी वाटते. काळ्या समुद्रातल्या रशियन आरमाराचं हे मुख्य जहाज. १३ एप्रिल २०२२ च्या रात्री त्यावर स्फोट झाले. युक्रेनने सांगितलं, आमची दोन क्षेपणास्त्रं लागली. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने सांगितलं, आग लागली, दारूगोळा उडाला, खलाशांना सुखरूप हलवलं आहे. दुसऱ्या दिवशी सांगितलं, ओढून नेताना वादळात जहाज बुडालं. खलाशी सुखरूपच. मग सेवास्तोपोल बंदरात रांगेत उभ्या खलाशांचं चित्रीकरण दाखवलं. जहाजावर पाचशेच्या आसपास माणसं असायची. चित्रीकरणात शंभरेक दिसत होती.

इथे एक बाप उभा राहिला. त्याचा मुलगा सक्तीच्या भरतीतला कोवळा पोरगा, जहाजावर स्वयंपाक करायचा. बापाने तिथल्या समाजमाध्यमावर लिहिलं, की सगळे सुखरूप असतील तर माझा मुलगा कुठे आहे? आम्हाला सांगतात, बेपत्ता आहे. भर समुद्रात बेपत्ता कसा होतो? सक्तीच्या भरतीतली मुलं या युद्धात नाहीत, असं पुतिन यांनी ८ मार्चला स्वतः सांगितलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रालयाला काही मुलं तिथे असल्याचं कबूल करावं लागलं होतं. बापाच्या मागोमाग इतर घरंही बोलू लागली. शेवटी २२ एप्रिलला मंत्रालयाने मान्य केलं : एक मृत, २७ बेपत्ता, ३९६ जणांना वाचवलं. आठवडाभरापूर्वी सगळे सुखरूप होते! विरोधी पक्षाने नाही, परदेशी हेरखात्याने नाही, एका बापाने आपल्या मुलाचं नाव घेऊन सरकारला हे बोलायला लावलं.

असं बोलणं तिथे किती महाग पडतं तेही मुलाला सांगा. ४ मार्च २०२२ ला कायदा झाला, की सैन्याबद्दल सरकारी माहितीपेक्षा वेगळं काही बोललात तर ते ‘खोटी माहिती’ आणि शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. मॉस्कोच्या एका प्रभागात नगरसेवकांची बैठक चालू होती, विषय होता लहान मुलांची चित्रकला स्पर्धा. अलेक्सेई गोरिनोव्ह म्हणाले, युक्रेनमध्ये रोज मुलं मरत असताना इथे कसल्या स्पर्धा भरवता? त्यांना सात वर्षांची कैद झाली.

तरीही मोजणी थांबली नाही. मीडियाझोना हे रशियन संकेतस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा यांनी स्वयंसेवकांना हाताशी धरून मेलेल्यांची नावं जमवायला सुरुवात केली. गावच्या वृत्तपत्रातली निधनवार्ता, शाळेच्या भिंतीवरची स्मृतिपाटी, आई-बायकोने टाकलेला फोटो, दफनभूमीतली नवी रांग. एकेक नाव ताडून यादीत घ्यायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी सगळी यादी नावांसकट खुली केली, तेव्हा ती पंचाण्णव हजारांच्या वर होती. त्याच वर्षी तिने लाखाचा आकडा ओलांडला. प्रत्येक मृत्यूची बातमी लागतेच असं नाही, म्हणून मीडियाझोनाने मेदुझा या दुसऱ्या रशियन संकेतस्थळाबरोबर आणखी एक वाट काढली. रशियात माणूस मेला की वारसाहक्काच्या प्रकरणाची नोंद होते आणि ती नोंदवही सगळ्यांना बघता येते. तरुण पुरुषांच्या मागे वारसाची प्रकरणं नेहमीपेक्षा किती वाढली, हे त्यांनी मोजलं. त्यावरून मे २०२३ अखेरपर्यंत सुमारे ४७ हजार मृत्यू, असा अंदाज निघाला. सरकार तेव्हा ५९३७ वरच थांबलेलं होतं. सरकारने माणूस लपवला, तरी त्याच्या नावावरचं घर आणि बँकेतली ठेव बायकोच्या नावावर करावीच लागते. कागद कुठेतरी उरतो.

युक्रेनला मी सूट देत नाही. त्यांचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले ३१ हजार सैनिक गेल्याचं सांगितलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ४३ हजार. नावं गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांच्या यादीत याहून जास्त नावं आहेत आणि बेपत्ता किती ते सरकार मोकळेपणाने सांगत नाही. रशियाच्या हानीचा जो आकडा युक्रेन रोज सकाळी देतं, त्यात मेलेले आणि जखमी एकत्र असतात. आपल्याकडे टीव्हीच्या पट्टीवर तो सरसकट ‘ठार’ म्हणून फिरतो, हे ध्यानात ठेवा. पण एक फरक मला मोलाचा वाटतो. युद्धाच्या पहिल्याच दिवशी स्नेक आयलंड बेटावरचे तेरा पहारेकरी हुतात्मा झाले, असं युक्रेनने जाहीर केलं होतं. ते जिवंत आहेत, कैदेत आहेत, हेही चार दिवसांत युक्रेनच्याच आरमाराने सांगितलं. वीरकथा मोडली तरी बेहत्तर, म्हणून स्वतःची बातमी खोडणारं सरकार आणि आठवडाभर ‘सगळे सुखरूप’ म्हणत राहणारं सरकार, यांना एकाच मापाने तोलणं अन्याय आहे.

यात आपलीही माणसं आहेत. कामाच्या आमिषाने नेलेले भारतीय रशियाच्या सैन्यात अडकले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये हिशेब दिला : एकूण १२६, त्यातले बारा मृत, सोळा बेपत्ता. मुलाला तो नीट वाचायला सांगा. यातला प्रत्येक जण कुठल्या तरी गावचा आहे, म्हणून तो आकडा तपासता येतो.

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं टीव्हीवर सांगत होते. मी वर्गाच्या ग्रुपवर विचारलं की हे सरकारने सांगितलंय का? मुलांनी मला देशद्रोही म्हटलं आणि ग्रुपमधून काढलं. युद्धाच्या वेळी प्रश्न विचारू नयेत का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : अगं, तू विचारलंस तो प्रश्न प्रत्येक वृत्तपत्राच्या डेस्कवर रोज विचारला जातो. ‘कुणी सांगितलं?’ हे पहिलं आणि ‘त्याने कुठे बघितलं?’ हे दुसरं. ८ मेच्या रात्री कितीतरी वाहिन्यांनी हे दोन्ही प्रश्न गुंडाळून ठेवले. कराची बंदर जागच्या जागी होतं आणि ते उद्ध्वस्त केल्याचं आपल्या सैन्याने कधीही म्हटलं नव्हतं. म्हणजे तू सैन्यावर अविश्वास दाखवलाच नाहीस. सैन्याच्या तोंडी घातलेल्या गोष्टीवर दाखवलास. तुला ज्यांनी काढलं त्यांना हा फरक शांतपणे सांग. नाही पटला तर ग्रुप सोडून दे, प्रश्न सोडू नकोस.

आता सरकारचं. त्या चार दिवसांनंतर, ११ मेच्या पत्रकार परिषदेत विमानं पडली का असं विचारल्यावर एअर मार्शल भारती म्हणाले, हानी हा लढाईचा भागच असतो, आमचे सगळे वैमानिक परत आले आहेत. संख्या सांगितली नाही. ३१ मेला सिंगापूरमध्ये संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं, संख्या तेव्हाही नाही. लढाई पेटलेली असताना विमानांचा आकडा शत्रूला न सांगणं मी समजू शकते. ती थांबल्यावर मात्र तो देशाला मिळायला हवा, आणि परदेशातल्या व्यासपीठावरून नव्हे, संसदेत मिळायला हवा. असं म्हणण्यात कसला आलाय द्रोह?

कारगिलच्या उन्हाळ्यात मी डेस्कवर होते. १९९९ चा जून. रात्री फॅक्सवर नावं यायची : हुद्दा, नाव, पलटण, गाव. गावाचं नाव इंग्रजीत आणि कित्येकदा चुकीचं. मग तालुक्याच्या वार्ताहराला झोपेतून उठवायचं. गाव आपल्याकडचं की कर्नाटकातलं? आडनाव बरोबर आहे का? घरी कळवलंय का? घरी कळल्याची खात्री झाल्याशिवाय नाव छापायचं नाही, हा डेस्कचा दंडक होता. डाक आवृत्ती सुटायची वेळ टळली तरी कुणी कुरकुर केली नाही. पहिल्या पानावर खाली डाव्या बाजूला चौकट असायची, तिथे ती नावं जायची. त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले, हा आकडा कुणी परदेशातून येऊन मोजलेला नाही. पेट्या उघडपणे गावी आल्या आणि गावानं खांदा दिला.

समोरच्या बाजूला काय चाललं होतं? वर डोंगरात आमचे सैनिक नाहीतच, ते मुजाहिदीन आहेत, असं पाकिस्तान सांगत राहिला. मेलेले बरेचसे नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे, गिलगिट-बाल्टिस्तानच्या गरीब खेड्यांतले. त्यांच्या खिशात पगाराची पुस्तकं आणि घरची पत्रं मिळाली, तरी पाकिस्तानने कितीतरी मृतदेह घ्यायला नकार दिला. आपल्या जवानांनी त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे मूठमाती दिली. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये पाकिस्तानी सैन्याने आपल्या संकेतस्थळावर हुतात्म्यांची यादी टाकली, त्यात कारगिल भागातले ४५३ जण गुपचूप दाखल झाले. अकरा वर्षांनी! त्या आयांना अकरा वर्षं आपला मुलगा कुठे आणि कशासाठी मेला, हे सांगायची चोरी होती.

गलवानचंही असंच. १५ जून २०२० च्या रात्रीची झटापट. दोन दिवसांत आपल्या वीसही जणांची नावं वृत्तपत्रांत होती, कर्नल संतोष बाबू यांच्यापासून. चीनने चार नावं जाहीर केली ती १९ फेब्रुवारी २०२१ ला. एवढा उशीर का आणि आकडा खरा कशावरून, असं लिहिणाऱ्या चिउ झिमिंग या पत्रकाराला आठ महिन्यांची कैद झाली.

म्हणून, जो देश नावं सांगतो तिथे प्रश्न विचारायची मुभा असते आणि ती वापरली तरच टिकते. आपलंही सगळंच शोभण्यासारखं नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीने चौकशी केली आणि तो अहवाल, काही भाग गाळून का होईना, २००० मध्ये संसदेपुढे आला. पण १९६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ मध्ये सादर झाला, तो सरकारने आजतागायत अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्यातले बहुतेक जवान आता हयात नाहीत, शस्त्रं भंगारात गेली. हे गुपित आता कुणापासून राखायचं आहे? तुझ्या प्राध्यापकांना विचार. परीक्षेत येणार नाही, तरी विचार.

प्रश्न : माझे वडील गोदीत कारकून होते. १९४४ च्या गोदीतल्या स्फोटाची हकिगत ते सांगायचे. मुंबईच्या स्फोटाचा तपशील आधी जपान्यांच्या रेडिओने सांगितला, असं ते म्हणत. आम्हाला ते खरं वाटायचं नाही. आपल्याच शहरातली बातमी शत्रूकडून कशी कळेल?
— एक ज्येष्ठ वाचक, माझगाव, मुंबई

उत्तर : काका, तुमच्या वडिलांचं खरं होतं.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज लागलेलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, कापसाच्या हजारो गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. जळता कापूस वस्त्यांवर पडला, सोन्याच्या विटा घरांची छपरं फोडून आत गेल्या. जपानी आले, अशी आवई उठली.

सायगाव तेव्हा जपान्यांच्या हाती होतं. तिथल्या रेडिओने १५ एप्रिललाच तपशिलात बातमी दिली. पत्रकारांना ही हकिगत बाहेर पाठवायची परवानगी ब्रिटिश सेन्सॉरने दिली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. सरकारची बाजू मी समजून घेते. त्याच दिवसांत कोहिमाला वेढा पडला होता आणि सैन्याची रसद पोहोचवणारं बंदर मोडून पडलंय, हे शत्रूला कळू द्यायचं नव्हतं. पण शत्रूला दुसऱ्या दिवशी कळलं होतं! मग झाकलं ते कुणापासून? ज्यांच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या त्यांच्यापासून. शहराने स्वतःच्या डोळ्यांनी धूर बघितला होता. ज्या सरकारला तो धूर सांगता येत नाही, त्याच्या ब्रह्मदेशातल्या विजयाच्या बातम्या लोक कशाला ऐकतील?

ते त्याआधीपासूनच ऐकत नव्हते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी याच मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर. पोलिसांना चुकवत या घरातून त्या घरात यंत्र हलवायचं. नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत त्यांनी तो चालवला. विदर्भातल्या आष्टी-चिमूरला पोलिसांनी आणि लष्कराने काय केलं, ते त्या रेडिओवरून सांगितलं गेलं. चिमूरच्या चौकशीसाठी सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भणसाळी उपोषणाला बसले, तेव्हा त्या उपोषणाची बातमी छापायलाही बंदी आली. जानेवारी १९४३ मध्ये देशभरातल्या अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच काढला नाही. व्यवसायातल्या जुन्या माणसांच्या या दिवसाबद्दल मला फार आदर आहे.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून १४ एप्रिल अग्निशमन सेवा दिन पाळतात. पण हमाल, गोदी कामगार, आसपासच्या झोपड्यांतली माणसं? कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. त्यांची पूर्ण यादी कुणी केलीच नाही. वडिलांनी त्यांच्याबरोबर काम केलेल्या कुणाची नावं सांगितली असतील, तर लिहून मला पाठवा. पुढच्या अंकात जागा मागून घेईन.

प्रश्न : माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. जहाज तांबड्या समुद्राकडे जाणार असं म्हणाला. टीव्हीवर कधी म्हणतात जहाज बुडवलं, कधी म्हणतात काही झालं नाही. गावात लोक फोन करून घाबरवतात. कोणावर विश्वास ठेवू?
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : वहिनी, तुमच्यासाठी टीव्ही कामाचा नाही, तो बंदच ठेवा. तांबड्या समुद्रात येमेनचे हूती बंडखोर जहाजांवर हल्ल्याचे दावे करतात आणि त्यातले काही खरे निघतात, काही नाही. ब्रिटिश नौदलाचं यूकेएमटीओ नावाचं कार्यालय त्या भागातल्या प्रत्येक घटनेची छोटी सूचना काढतं : वेळ, बंदरापासूनचं अंतर, जहाजाचं काय झालं, खलाशी सुरक्षित आहेत की नाहीत. तीत फुशारकी नसते. मुलाच्या मित्राकडून ते पान फोनवर लावून घ्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलाकडून जहाजाचं नाव, त्याचा आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), कंपनीचं नाव आणि किनाऱ्यावरच्या जबाबदार अधिकाऱ्याचा फोन, हे आजच वहीत उतरवून घ्या. मुंबईच्या डीजी शिपिंग या जहाज वाहतुकीच्या सरकारी कार्यालयाचा चोवीस तासांचा नंबरही लिहा. जहाजावर कोण कोण आहे याची यादी कंपनीकडे असतेच, त्यात तुमच्या मुलाचं नाव आहे. काहीही कानावर आलं तर टीव्हीवाल्याला किंवा शेजाऱ्याला नव्हे, त्या यादीवाल्याला फोन करा आणि जहाजाचं नाव घेऊन नव्हे, मुलाचं नाव घेऊन विचारा. ‘सगळे ठीक आहेत’ एवढ्यावर फोन ठेवू नका. माझ्या मुलाशी शेवटचं बोलणं कधी झालं आणि कुणाचं झालं, ते विचारा. तुम्हाला तो हक्क आहे.